बदकांच्या पायांना भेगा पडल्यास

परसात हौस म्हणून दोन-चार बदके पाळणाऱ्या कुटुंबांची एक नेहमीची तक्रार असते. बदकाच्या पायाची कातडी कोरडी पडते, तळव्याला भेगा जातात आणि पक्षी लंगडू लागतो. अशा वेळी पायाला तेल चोळले जाते. चार दिवस बरे वाटते, पुन्हा भेगा दिसतात. याचे कारण असे, की मूळ दोष बहुधा पायाखालच्या जागेत, पाण्यात किंवा खाद्यात असतो. तो दूर केल्याखेरीज मलमाचा गुण टिकत नाही.

कोंबडीचा पाय कोरडी जमीन उकरण्यासाठी बनलेला आहे. बदकाच्या तळव्याची कातडी त्यामानाने मऊ, बोटांमधला पडदा तर अगदी पातळ. पाण्यात तरंगताना पायांवर शरीराचे वजन येत नाही व कातडीही ओली राहते. पाणी नसलेल्या अंगणात मात्र सारे वजन दिवसभर कठीण जमिनीवर पडते. म्हणूनच व्हाईट पेकिनसारख्या जड जातीत हा त्रास खाकी कॅम्पबेलपेक्षा अधिक आढळतो.

भेग नुसती दिसायला वाईट एवढेच नाही. तिच्यातून जंतू आत शिरतात, तळव्याला टणक सूज येते आणि मध्यभागी काळी खपली धरते. हा संसर्ग सांध्यापर्यंत व हाडापर्यंत पोचला तर पक्षी वाचवणे अवघड होते. त्यापूर्वीच बदक बसून राहते, खाद्याकडे जात नाही आणि अंडी कमी होतात.

जागा व पाणी

खडबडीत सिमेंटची फरशी, खडी किंवा मुरूम यांवर बदके ठेवू नयेत. दुसरी जागा नसेल तर फरशीवर भाताचा पेंढा किंवा तूस यांची तीन-चार इंच जाड गादी करावी. ओली झालेली गादी रोज काढून तेथे कोरडी घालावी. बदक पाण्यातला पक्षी खरा, पण विष्ठेने भिजलेल्या गादीवर उभे राहून त्याची कातडी जळते. ओल मारण्यासाठी गादीवर चुना भुरभुरण्याची सवय अनेकांना आहे. बदकांच्या बाबतीत ती सोडावी. ओल्या जागेतील चुन्याने पाय भाजतात. उन्हाळ्यात दुपारी आपला तळहात फरशीवर टेकवून पाहावा. आपल्याला चटका बसत असेल तर बदकालाही बसतो. अशा ठिकाणी सावलीची सोय आधी करावी.

तळे नसले तरी अडत नाही. बदक बसून अंग बुडवू शकेल असे पसरट टाके किंवा मोठे टब पुरते. चढण्या-उतरण्यासाठी फळी लावून तिच्यावर गोणपाट ठोकावे, म्हणजे पाय घसरत व खरचटत नाहीत. पाणी रोज बदलावे. काढलेले पाणी नारळाला किंवा परसबागेला घालावे. त्यात विष्ठेचे खत आयतेच असते. टाक्याभोवती चिखल होऊ नये म्हणून पाणी वाहून जाण्यास चर ठेवावा.

खाद्य

केवळ तांदळाची कणी, शिळा भात व पाव यांवर ठेवलेल्या बदकांत जीवनसत्त्वे कमी पडतात. ‘अ’ जीवनसत्त्व व बायोटिन यांच्या अभावी कातडी कोरडी होऊन तडकते. नायसिनची गरज तर बदकाला कोंबडीपेक्षा जास्त असते. वाढत्या पिलांना दर किलो खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते. मक्यातले नायसिन बरेचसे बांधलेल्या स्वरूपात असल्याने पक्ष्याला मिळत नाही. कोंबडीखाद्यच वापरायचे असेल तर नायसिनयुक्त पूरक किती द्यावे हे पशुवैद्यकास विचारावे. सोबत लसूणघास, शेवग्याचा पाला किंवा अझोला रोज द्यावा. सुकट द्यायची तर बिनमिठाची. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड मात्र मुळीच देऊ नये. तिच्यातील अफ्लाटॉक्सिन या विषाला बदके फारच लवकर बळी पडतात.

पायांवर उपचार

उपचार संध्याकाळी करावा, कारण त्यानंतर बदक रात्रभर पेंढ्यावर राहते आणि औषध पाण्यात धुऊन जात नाही. बदकाला पायाला धरून कधीही उचलू नये, पाय निखळतो. दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरावे. एक लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून त्यात पाय दहा मिनिटे ठेवावेत, मळ मऊ कापडाने पुसावा व पाय कोरडे करावेत. भेग उघडी असेल तर पोव्हिडोन आयोडिन पाण्यात पातळ करून लावावे. रंग फिक्या चहासारखा दिसला पाहिजे. ते वाळल्यावर खोबरेल तेल किंवा साधे पेट्रोलियम जेली अगदी पातळ चोळून जास्तीचे पुसून घ्यावे. तेल पिसांना लागले तर पिसे पाण्यात भिजू लागतात, आणि उबवणीच्या अंड्यांना लागले तर कवचाची छिद्रे बुजतात. रॉकेल, जळके ऑईल किंवा माणसांसाठीची झिंकची व बधिरता आणणारी मलमे वापरू नयेत. बदक चोचीने पाय साफ करते, त्यामुळे लावलेले सारे पोटात जाते.

सुधारणा दिसण्यास दोन-तीन आठवडे लागतात. तळवा गरम लागत असेल, सूज किंवा काळी खपली असेल तर ती घरी ब्लेडने कोरू नये, पक्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. प्रतिजैविक दिल्यास अंडी किती दिवस खाऊ नयेत, हे तेथेच विचारून घ्यावे.

पायांवर लाल-जांभळे रक्ताळलेले ठिपके दिसून पक्षी अचानक मरू लागले तर तो प्रकार भेगांचा नव्हे. राज्यात २००६ साली नवापूर परिसरात आणि पुन्हा २०२१ साली बर्ड फ्लू आला होता. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता, त्यांना इतरत्र न हलवता दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.