‘तारीख’ मिळेपर्यंत

कॅन्सरचं निदान झालं की पहिला सल्ला डॉक्टरांच्या आधी शेजारचे देतात. ‘टाटाला जाऊ नका, महिनोन्‌महिने नंबर लागत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘सरकारीत तारीख मिळेपर्यंत माणूस राहत नाही.’ यातलं थोडं खरं आहे, बरंचसं ऐकीव आहे. आणि या ऐकीव भागापायीच अनेकांचे आठवडे वाया जातात.

‘नंबरच लागत नाही’

परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथली गर्दी खरी आहे. फुटपाथवर पथारी टाकलेले नातेवाईक आणि दादरच्या गाडगेबाबा धर्मशाळेत जागेसाठी ताटकळणारी कुटुंबं मुंबईकर वर्षानुवर्षं बघत आले आहेत. पण तिथे रांग एक नसते. नोंदणी आणि पहिली तपासणी सहसा अडत नाही. अडतं ते पुढे, म्हणजे एमआरआय आणि पेट स्कॅनच्या तारखेला, ऑपरेशन थिएटरच्या यादीत आणि सर्वात जास्त किरणोपचारात, ज्याला रुग्ण ‘लाइट’ म्हणतात.

किरणोपचाराची रांग हटत नाही, कारण मशीन एका रुग्णासाठी रोज लागतं. आठवड्यातून पाच दिवस, पाच ते सात आठवडे. दहा लाख लोकांमागे निदान एक मशीन असावं असा जागतिक दंडक सांगितला जातो. भारत त्याच्या निम्म्याच्याच आसपास आहे आणि त्यातली बहुतेक मशीनं मोठ्या शहरांत आहेत. यात एक बदल मात्र चांगला झाला आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पूर्वी पंचवीस वेळा द्यायचे ते किरण आता अनेक रुग्णांना पंधरा वेळांत, तीन आठवड्यांत देतात. मोठ्या चाचण्यांनी ही पद्धत तितकीच परिणामकारक असल्याचं दाखवलं आहे. रुग्णाचे दोन आठवडे वाचतात आणि तेच मशीन पुढच्या रुग्णाला मोकळं होतं.

शिवाय परळ हा एकच दरवाजा नाही. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी आहे, बार्शीचं नर्गिस दत्त आहे. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आता तीनशेहून जास्त केंद्रं आहेत आणि त्यांनी उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वं ठरवली आहेत. मोठं, गुंतागुंतीचं ऑपरेशन परळला करून केमो जिल्ह्याजवळ घेणं अनेकदा शक्य असतं. हे डॉक्टरांना विचारावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत ते आपणहून सांगतीलच असं नाही.

‘उशीर होतो तो हॉस्पिटलमध्ये’

सर्वात महागडा उशीर बहुधा गेटच्या बाहेर झालेला असतो. भारतीय पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सर्वात जास्त आढळतो. २०१२ पासून गुटखाबंदी असलेल्या आपल्या राज्यात गुटखा कुठे मिळतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, ते असो. तोंडात जखम होते आणि दुखत नाही म्हणून सोडून दिली जाते. मग मेडिकलवाल्याकडून मलम, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. दात हलायला लागतो म्हणून तो काढला जातो आणि ती जागा भरतच नाही. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा काढून तपासायला हवा. तोंड कमी उघडू लागलं असेल किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर दाखवायला तेवढंही थांबू नये.

फुप्फुसाच्या कॅन्सरची गत आणखी वाईट. खोकला, वजन घटणं, थुंकीत रक्त, एक्स-रेवर डाग, ही सगळी लक्षणं क्षयाचीही आहेत. क्षय आपल्याकडे इतका आहे की डॉक्टरचा पहिला संशय तिकडे जाणं साहजिक आहे. चूक पुढे होते. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडलेले नसताना गोळ्या सुरू होतात आणि काही आठवड्यांत डाग कमी झाला नाही तरी सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला जातो. त्या वेळी सीटी स्कॅन आणि बायोप्सी मागायला हवी होती. हा उशीर टाटाच्या कुठल्याच रांगेत मोजला जात नाही.

इंग्लंडमध्ये निदान घड्याळ तरी जाहीर आहे. तातडीच्या शिफारशीपासून ६२ दिवसांत उपचार सुरू व्हावेत आणि ते ८५ टक्के रुग्णांच्या बाबतीत व्हावेत, असं तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं उद्दिष्ट आहे. २०१५ च्या अखेरीपासून ते गाठता आलेलं नाही, पण हुकलेलं दर महिन्याला छापून येतं. आपल्याकडे रुग्णाचे किती दिवस कुठे गेले, हे त्याच्या फाइलीवरच्या शिक्क्यांवरून जोडत बसावं लागतं. हे आधी बदलायला हवं, असं माझं मत आहे.

‘सुई लावली की पसरतो’

या एका समजुतीने किती गाठी महिनोन्‌महिने पदराआड राहिल्या असतील! बायोप्सीच्या सुईच्या मार्गात पेशी सांडण्याचे प्रकार नोंदवले गेले आहेत, पण ते अतिशय विरळ आहेत. जिथे तो धोका जास्त असतो तिथे, उदाहरणार्थ वृषणाच्या गाठीत, डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. तुकड्याची तपासणी झाल्याशिवाय केमो देणं म्हणजे अंधारात गोळी झाडणं.

मग रिपोर्टला इतके दिवस का लागतात? ‘लॅबवाले टाळाटाळ करतात’ हे उत्तर दर वेळी खरं नसतं. काढलेला तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये मुरावा लागतो. स्तनाच्या बाबतीत किमान सहा तास आणि ७२ तासांपेक्षा जास्त नाही, नाहीतर पुढच्या चाचण्या बिघडतात. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप घेतात, रंगवतात. कॅन्सर आहे एवढं कळलं तरी कुठला, हे कळायला हवं. त्यासाठी आयएचसी, म्हणजे पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखायची चाचणी. स्तनाच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेनचे आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर आणि हर-टू तपासतात. हर-टू काठावर आलं तर आणखी एक चाचणी, फिश. हाडाचा तुकडा असेल तर आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, त्यात दिवस जातात. या चाचण्यांवरच औषध ठरतं, त्यामुळे हा वेळ वाया गेला असं म्हणता येत नाही.

‘प्रायव्हेटमध्ये लगेच ऑपरेशन करून घेऊ, पुढचं नंतर बघू’

हे वाक्य ऐकलं की कॅन्सर सर्जनच्या कपाळाला आठी पडते. साधी चरबीची गाठ म्हणून मांडीतली गाठ काढली आणि निघाला सार्कोमा, किंवा स्तनातली गाठ तेवढी काढली आणि काखेतल्या गाठींचं काही केलंच नाही. मग मोठ्या रुग्णालयात सगळं पुन्हा. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड जातं, कारण आजार नेमका कुठवर होता याच्या खुणाच पुसलेल्या असतात. आधी केमो देऊन गाठ लहान करायची संधीही गेलेली असते.

बाहेर काही झालंच असेल तर रिपोर्टच्या कागदावर भागत नाही. काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या. मोठ्या केंद्रात ते पुन्हा तपासले जातात. ब्लॉक जिल्ह्याच्या लॅबमध्ये राहिला म्हणून परळहून एसटी पकडून परत गेलेले नातेवाईक कमी नाहीत.

‘एक दिवसही उशीर म्हणजे संपलं’

नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सात प्रकारचे कॅन्सर, बारा लाखांहून जास्त रुग्ण. उपचार दर चार आठवड्यांनी लांबले की मृत्यूचा धोका साधारण ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. हा आकडा ऐकून गडबडून जाऊ नये. शंभरात वीस जणांना धोका असेल, तर तो ढोबळमानाने एकवीस-बावीस जणांवर जातो. म्हणजे आठवडाभर नीट तपासणीसाठी थांबण्याने आभाळ कोसळत नाही, पण तीन महिने जडीबुटीत घालवणं महाग पडतं.

शिवाय सगळे कॅन्सर एका वेगाने धावत नाहीत. रक्ताच्या कॅन्सरच्या प्रोमायलोसाइटिक या प्रकाराचा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी औषध सुरू करतात, कारण रक्तस्रावाने माणूस काही तासांत जाऊ शकतो. उलट, ब्रिटनमध्ये प्रोस्टेटबाहेर न पसरलेल्या कॅन्सरच्या सुमारे सोळाशे रुग्णांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. ऑपरेशन केलेले, किरण घेतलेले आणि नुसत्या देखरेखीखाली ठेवलेले, तिन्ही गटांत त्या कॅन्सरने दगावलेले सुमारे तीनच टक्के होते. तेव्हा ‘शेजारच्या काकांना आठ दिवसांत घेतलं, आम्हाला का नाही’ याचं उत्तर वशिल्याऐवजी आजारातही असू शकतं.

‘योजनेत टाकलं की लटकतं’

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, किरण सगळं येतं, पण आधी मंजुरी लागते आणि मंजुरीला बायोप्सीचा रिपोर्ट लागतो. अडतं बहुधा कागदांवर. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर. तपासण्या चालू असतानाच रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, कागद दाखवून घेतले, तर ते दिवस वाचतात.

‘एकदा सुरू झालं की थोडं मागेपुढे चालतं’

तारखेसाठी जिवाचं रान करणारी माणसं लाइट सुरू झाल्यावर पेरणीला, लग्नाला आठ-दहा दिवस गावी जातात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून द्यायचे किरण आणि आतून द्यायचे किरण मिळून सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशींची वाढ जोर धरते आणि चुकलेला डोस नंतर देऊन तितका उपयोग होत नाही. तोंडाच्या ऑपरेशननंतर लाइट सहाएक आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात, त्यामुळे त्यांची तारीख टाके काढायच्या आधीच मागून ठेवावी. किरणांआधी दात तपासावे लागतात आणि काढायचे असतील तर हिरडी भरून यायला दोनेक आठवडे जातात, म्हणून दातांच्या डॉक्टरची चिठ्ठीही त्याच भेटीत घ्यावी.