उन्हाळ्याच्या आरंभीचे जलाशय आणि नौकेवरील पहारा

आपल्या जिल्ह्यातील जलाशयांवर क्षेत्राभ्यासासाठी नौकेने जाण्याचा प्रसंग भूगोलाच्या विद्यार्थ्यांस बहुधा मार्च-एप्रिलमध्ये येतो. या काळी आकाश निरभ्र असते, पाणी शांत असते, आणि म्हणून हाच काळ सर्वांत निर्धोक असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज कोठवर खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शीत प्रदेशांतील सरोवरांवर उन्हाळ्याच्या प्रारंभी जो धोका संभवतो, त्याचे कारण चढते पाणी हे होय. बर्फ वितळून नद्यांना पूर येतो, काठावरील ओंडके उचलले जातात व सरोवरात तरंगू लागतात. आपल्याकडील क्रम नेमका उलट आहे. येथे पूर जुलै ते सप्टेंबर या काळात येतात. त्यांबरोबर आलेली खोडे व काटक्या भरलेल्या जलाशयाच्या काठास लागतात आणि पाणी ओसरू लागले की तेथेच कोरड्या पडतात. यास्तव उन्हाळ्यात नवा तरंगता कचरा फारसा येत नाही. धोका येतो तो खालून, किंबहुना तो येत नाहीच. तो आपल्या जागी स्थिर असतो आणि पाणीच त्याच्याकडे उतरत जाते.

नाथसागराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६५ साली पायाभरणी झालेल्या व १९७६ साली उद्घाटन झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय असून, त्याचा फुगवटा शेवगाव व नेवासे तालुक्यांत पसरून प्रवरासंगमापर्यंत पोहोचतो. त्याची एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर व पूर्ण भरल्यावरचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. भागाकार केल्यास सरासरी खोली अवघी सव्वाआठ मीटरच्या आसपास येते. अशा उथळ जलाशयाच्या काठचा उतार दोनशेस एक एवढाच मंद आहे असे धरले, तर पातळी एक मीटर उतरताच दोनशे मीटर रुंदीचा पट्टा उघडा पडतो. त्यावरच शेतकरी गाळपेर करतात. परंतु उघड्या पडलेल्या पट्ट्याच्या पुढे, गुडघाभर ते पुरुषभर पाण्याखाली, तेवढाच रुंद असा दुसरा पट्टा असतो. बुडीत क्षेत्रातील बाभळींचे बुंधे, जुन्या विहिरींचे कठडे, घरांची जोती व शेतांचे बांध यांचा संभव तेथेच अधिक. याउलट अकोले तालुक्यातील भंडारदरा येथे, १९१० ते १९२६ या काळात बांधलेल्या सुमारे ८२ मीटर उंचीच्या धरणामागे पाणी डोंगरांच्या कुशीत खोल साठते. तेथे धरणाजवळ अशी अडचण कमी. परंतु रतनवाडीकडील उथळ टोकास सावधगिरी हवीच.

खरोखर तरंगणाऱ्या वस्तूंचाही विचार केला पाहिजे. लाकडाची सापेक्ष घनता ०.९५ असेल, तर त्याचा विसावा हिस्साच पाण्यावर राहतो. पाणी मुरत जाऊन ती १ च्या जवळ पोहोचली की ओंडका जड टोक खाली करून जवळजवळ उभा तरंगू लागतो आणि वर केवळ वीतभर टोक दिसते. जलपर्णीचे तरंगते गालिचे अशा टोकांस झाकून टाकतात व यांत्रिक नौकेच्या पंख्यात गुंततात. मासेमारांच्या जाळ्यांचे बोये दिसले, तर त्यांच्या रांगेस वळसा घालूनच जावे.

दूरवर पाहून हे सर्व टाळता येईल काय? नौकेत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून सुमारे १.२ मीटर उंचीवर असतात. तीस मीटर अंतरावरील पाण्याकडे त्याची दृष्टी जेमतेम सव्वादोन अंशांच्या कोनात जाते, आणि इतक्या तिरप्या कोनात पाण्याचा पृष्ठभाग बहुतांशी आरशासारखा वागतो; आतील वस्तू दिसत नाही. ध्रुवणकारी चष्मा पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात सर्वाधिक उपयोगी पडतो; परंतु तो कोन नौकेपासून दीड-दोन मीटरवरच साधतो, म्हणजे फार उशिरा. तेव्हा वस्तू न शोधता तिच्या खुणा शोधाव्यात. लहरींची एकसारखी नक्षी एखाद्या ठिकाणी मोडली असेल, भर पाण्यात पाणकावळा पंख पसरून बसला असेल किंवा बगळा उभा असेल, तर त्याच्या पायाखाली काहीतरी आहे हे निश्चित समजावे.

वेगाचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. ताशी १८ किलोमीटर वेगाने नौका सेकंदास ५ मीटर जाते. वीस मीटरवर दिसलेला अडथळा टाळण्यास चार सेकंद मिळतात. वेग दुप्पट केल्यास दोनच सेकंद उरतात आणि गतिज ऊर्जा चौपट झाल्याने आघातही त्या मानाने तीव्र होतो. उथळ पट्ट्यात वल्हे मारणाऱ्या नावाड्याची मंद गती हीच खरी सुरक्षितता होय.

क्षेत्राभ्यास करणाऱ्यांनी एक पथ्य अवश्य पाळावे. अडथळ्याची नोंद करताना त्याची खोली न लिहिता समुद्रसपाटीपासूनची उंची लिहावी. समजा, जलाशयाची पातळी ४६०.०० मीटर असताना एक बुंधा दीड मीटर खोल आढळला. तर त्याच्या माथ्याची उंची ४५८.५० मीटर झाली. पुढे पातळी ४५९.०० मीटरवर आली की तो केवळ अर्धा मीटर खोल आहे, हे दैनंदिन पातळीवरून काठावरच कळते. खोलीची नोंद दुसऱ्याच आठवड्यात निरुपयोगी होते. उंचीची नोंद वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

तथापि केवळ पाण्याकडे पाहणारा पहारेकरी अपुरा होय. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्याने नौका उलटली व सहा जणांचा अंत झाला. दोनच दिवसांनी प्रवरेच्या पात्रात, अकोले तालुक्यातील सुगाव येथे, बुडालेल्यांचा शोध घेताना नौका उलटून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तीन जवानांना प्राण गमवावे लागले. यांतील एकही दुर्घटना ओंडक्याने घडविली नव्हती. एप्रिल-मेच्या दुपारी वळिवाचे ढग जमतात आणि पावसापूर्वी धुळीची भिंत उठते. म्हणून एकाची दृष्टी पाण्यावर, तर दुसऱ्याची क्षितिजावर असावी. प्रत्येकाच्या अंगावर तरणजाकीट असावे. आणि काम सकाळीच आटोपून दुपारपूर्वी काठ गाठावा. पाणी शांत आहे एवढ्यावरून ते निर्धोक आहे असे अनुमान काढणे, हे निरीक्षकास शोभणारे नाही.