जुन्या बोटीवरचे मंद दिवे
जुन्या मच्छीमार बोटीवर दिवा मंदावला की बहुतेक जण आधी बल्ब बदलतात. दोष बहुधा वायरीच्या सांध्यात असतो. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट गंज चढतो, रोध वाढतो आणि बॅटरीच्या १२ व्होल्टमधले एक-दोन तिथेच खर्ची पडतात. म्हणून दिवा चालू ठेवूनच मल्टिमीटर लावा, आधी बॅटरीवर आणि मग होल्डरवर. आकड्यांत मोठा फरक दिसला तर दोष मधल्या वायरीत, स्विचमध्ये किंवा फ्यूजच्या टोकांवर. निगेटिव्ह वायर तपासायची हमखास राहून जाते. अनेक दिवे एकदम मंदावले तर सुरुवात तिथूनच करा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा मुळीच घालू नका, वायर पेटते. डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा दिवा समोरच्या तांडेलाला तुमची दिशा सांगतात. ते लागेपर्यंत रात्री बंदर सोडू नये.