कडकनाथचं पीस आणि कडकनाथची जीभ

मंडळाच्या सभेत मी झाबुआ संस्थानच्या कागदपत्रांवर बोललो, तेव्हा चहाच्या वेळी प्रश्न आला तो कागदांवर नव्हे, कोंबड्यावर. "तुम्ही झाबुआला जाता, तर सांगा, खरा कडकनाथ ओळखायचा कसा?" मी ऐटीत म्हणालो, "काळाकुळकुळीत बघून घ्यायचा, बस." पुढच्याच महिन्यात इंदूरजवळच्या एका हाटातून स्वतः असाच एक काळाभोर कोंबडा भरपूर पैसे मोजून आणला. घरी साफ केला, तर आत मांस नेहमीसारखंच गुलाबी! सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

तेव्हापासून हा विषय वाचत गेलो. माझं आयुष्य विजेच्या कामात गेलं, जनुकशास्त्र मी शिकलेलो नाही. पण वायरिंग कळतं, आणि कोंबडीचा रंग मला वायरिंगसारखाच वाटतो. माझी चूक एका वाक्यात सांगायची तर अशी: पिसांचा काळेपणा आणि मांसाचा काळेपणा ही दोन वेगळी सर्किटं आहेत, मी त्यांना एकच समजलो.

आधी पिसं. पिसांत रंगद्रव्यं मुख्यतः दोन, एक काळं आणि एक तांबूस. कुठे कोणतं भरायचं याचं मोठं बटण म्हणजे एमसी१आर नावाचं जनुक. त्याची अनेक रूपं आहेत. एका रूपात रानकोंबड्यासारखी तांबूस-काळी वाटणी होते, तर सर्वांत प्रबळ रूपात जवळजवळ सगळं पीस काळं होतं. याच्या खालच्या पातळीवर सोनेरी-रुपेरीचं जनुक, आणि त्यानंतर पट्टे, कडा, बारीक रेघा पाडणारी इतर जनुकं. मोठं बटण 'सगळं काळं' वर असेल तर खालची नक्षी असूनही दिसत नाही. दिवा बंद असला म्हणजे वायर नाही असं थोडंच असतं?

म्हणून एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. नर आणि मादी दोघेही काळे, पण दोघांतही प्रबळ रूपाची एकच प्रत असेल, तर हिशोबाने चारांतलं एक पिल्लू काळं न होता नक्षीचं निघतं. एवढ्यावरून कोंबडी भेसळीची ठरत नाही.

आता मांस. काळी कातडी, काळे स्नायू, हाडावरचं काळं आवरण, याचं कारण विसाव्या गुणसूत्रावर आहे. तिथला एक तुकडा दुप्पट झालेला आहे, आणि त्यात एंडोथेलिन-३ हे जनुक येतं. त्याचा संदेश जास्त प्रमाणात सुटतो, आणि अंड्यातल्या गर्भात रंगपेशी नेहमीपेक्षा जास्त वाढून शरीरभर पसरतात. चीनच्या सिल्की कोंबडीत, इंडोनेशियाच्या अयाम चेमानीत आणि स्वीडनच्या काळ्या कोंबडीतही हीच उलथापालथ असल्याचं २०११ साली प्रसिद्ध झालं. कडकनाथमध्येही तीच आहे, हे भोपाळच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं. इतिहासाच्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. इतकी गुंतागुंतीची घटना प्रत्येक देशात वेगवेगळी घडत नाही. ती एकदा घडली आणि माणसांच्या सोबतीने दूरदूर पोचली. सिल्कीची पिसं तर बऱ्याचदा पांढरीशुभ्र असतात आणि खाली कातडी काळी! दोन सर्किटं वेगळी, याचा यापेक्षा सरळ पुरावा कोणता?

गंमत म्हणजे हे कोडं शंभर वर्षांहून जुनं आहे. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी सिल्की आणि ब्राऊन लेगहॉर्न यांचा संकर केला आणि १९११ साली निष्कर्ष छापले. सिल्की कोंबडी आणि लेगहॉर्न कोंबडा घेतला, तर सगळी पिल्लं फिकी. जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडा सिल्की आणि कोंबडी लेगहॉर्न, तर मुली गडद आणि मुलगे फिके! कारण असं की लेगहॉर्नमध्ये कातडीचा रंग दाबणारं एक जनुक आहे आणि ते झेड या लिंगगुणसूत्रावर बसलेलं आहे. पक्ष्यांत नराकडे झेड दोन, मादीकडे एकच, आणि मुलीला तो फक्त बापाकडून मिळतो. बाप सिल्की असला की मुलीपर्यंत दाबणारं जनुक पोचतच नाही. आईचा झेड मुलाकडे जातो, म्हणून मुलगा फिका. कडकनाथचा काळेपणा त्याच घराण्यातला, तेव्हा विलायती जातीशी संकर करणाऱ्याने हाच हिशोब मांडावा. माझा हाटातला कोंबडा बहुधा अशाच कुठल्यातरी संकरातला होता. पिसं काळी आली, मांस राहून गेलं.

आता आपल्या भागाकडे येतो. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या या पक्ष्याला तिकडे 'कालीमासी' म्हणतात. नावातच बघा, मांस काळं म्हटलंय, पीस नव्हे. याचे प्रकारही तीन मानतात: पूर्ण काळा, पिसांवर रुपेरी रेघांचा पेन्सिल्ड, आणि मानेवर सोनेरी झाक असलेला गोल्डन. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी वाढली, आणि गिऱ्हाईक माझ्यासारखंच निघालं. त्याला फक्त काळं पीस हवं.

गेल्या थंडीत पेटलावदकडे गेलो होतो. हा १८७१ च्या वाटणीत होळकरांकडे आलेला परगणा. तिथल्या एका फलियात म्हातारी दोन कोंबड्या विकायला बसली होती, एक काळी आणि एक रुपेरी रेघांची. रेघांचीचा भाव निम्मा. मी विचारलं, "माई, ये सस्ती क्यों?" ती म्हणाली, "साब लोग कहते हैं, मिलावट है." मग तिने दोन बोटांनी कोंबडीची चोच उघडली. "पंख मत देखो साब, जबान देखो." जीभ काळी होती. काळ्या कोंबडीइतकीच काळी.

बेटसन-पनेटना प्रयोगांती कळलं त्यातलं निम्मं त्या बाईला चोच उघडून माहीत होतं. पण भाव निम्मा मिळत राहिला तर पुढच्या वर्षी ती रेघांची कोंबडी कशाला ठेवील? दहा-पंधरा वर्षं असंच चाललं तर मानांकनाच्या कागदावर तीन प्रकार राहतील आणि अंगणात एकच. पोथीची एखादी प्रत कसरीने खाल्ली तर आपण हळहळतो. ही प्रत आपण स्वतःच भाव पाडून नष्ट करतोय.

मंडळाच्या वाचकांना एवढीच विनंती. झाबुआ-अलीराजपूरकडे गेलात, तर नक्षीचा कडकनाथ दिसल्यास जीभ बघा, फोटो काढा, गावाचं नाव टिपून मंडळाकडे पाठवा. आणि विकत घेणार असाल तर काळ्याचाच भाव द्या. मी त्या दिवशी दिला.