रक्तदाबाची गोळी आणि डोंगरावरची वाडी

आषाढातली गोष्ट. आमच्या पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीतून साठी ओलांडलेल्या एका आजींना चार माणसांनी घोंगडीच्या झोळीतून खाली रस्त्यापर्यंत आणले. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडे, बोलणे अडखळत. पहाटे उठल्या त्या अशाच. माझ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपारचे दोन वाजून गेले होते. रक्तदाब २१०/१२०.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. म्हणजे कऱ्हाड किंवा सातारा गाठायचे. आजींचे ते तास डोंगर उतरण्यातच गेले. १०८ची गाडी बोलावून त्यांना पुढे पाठवले, त्या वाचल्या, पण हात गेला तो गेलाच.

या आजी मला अनोळखी नव्हत्या. आदल्या वर्षी मृगाच्या सुमारास गुडघे दुखतात म्हणून आल्या होत्या, तेव्हाच रक्तदाब वाढलेला सापडला. मी दोन औषधे एकत्र असलेली, बऱ्यापैकी महाग गोळी लिहिली. पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि खाली, ‘पंधरा दिवसांनी दाखवा’. माझ्या मते काम चोख झाले होते. पण पंधरा दिवसांनी त्यांची भातलावणी होती. ती संपल्यावर गोळ्याही संपल्या होत्या. नंतर विचारले तेव्हा सूनबाईंनी सासूचे शब्द सांगितले : ‘डोकं तर दुखत न्हाई, मग गोळी कशापायी खायाची?’

आता त्या एका फेरीचा हिशेब पाहा. तासभर पायी उतरायचे, मुक्कामाची एस.टी. सकाळी परत निघते ती गाठायची, परतीची गाडी थेट संध्याकाळी. मुलगा मुंबईला माथाडी कामगार, त्यामुळे सोबतीला सून. दोघींची हजेरी बुडाली. एस.टी.त बायकांना २०२३पासून अर्धे तिकीट आहे हे खरे, पण बुडालेल्या हजेरीचे कोण देणार? एवढे करून मिळायचे काय, तर पुन्हा तीच गोळी. मी तिच्या जागी असतो, तर मीही आलो नसतो.

सरकारी नियमात डोंगरी भागासाठी सवलत आहे. सपाटीला पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांमागे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा आकडा अनुक्रमे तीस हजार आणि वीस हजार. पण हा हिशेब डोक्यांचा आहे, चढ-उतारांचा नाही. वाड्या विखुरलेल्या असल्या, की तीन हजार माणसे किती डोंगरांवर पसरतात, हे कोयनेच्या बाजूला फिरणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मग उपाय काय? दवाखाना डोंगरावर नेता येत नाही, गोळी नेता येते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून गावातल्याच बायकांना शिकवून हे करून दाखवले. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. रक्तदाबाच्या बाबतीत तर आपला सातारा जिल्हाच पुढे आहे. देशात २०१७-१८मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. त्यातली पद्धत मला आवडली, कारण ती साधी आहे. सगळीकडे ठरलेली औषधे, सुरुवातीला बहुधा अ‍ॅम्लोडिपिन, महिन्याच्या गोळ्या एकदम, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि जो आला नाही त्याची चौकशी. ही चौकशी माझ्यासारखा खासगी डॉक्टर करत नाही. माझ्या कपाटात न आलेल्या रुग्णांची यादी नव्हती. आता एक वही ठेवली आहे.

तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या उपकेंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, आणि ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व औषधे मोफत आहेत. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू आणि (मायबहिणींनो, रागावू नका) मिश्रीसुद्धा नको. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नये, पुन्हा मोजावा. वारंवार १४०/९० किंवा त्याहून वर येत असेल, तर उपचार हवेत. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही, म्हणून डोके दुखेल तेव्हा गोळी, हा हिशेब चुकीचा. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते. तसे झाले तर गोळी स्वतःहून बंद न करता सांगावे, बदलून मिळते. मीठ दिवसाला चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत, आणि त्यात लोणचे, पापड, खारी सुकटही मोजायची.

तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोबडे बोलणे, यातले काहीही अचानक दिसले, तर तेल चोळत बसू नका. झोळी बांधतानाच एकाने १०८ला फोन करावा, म्हणजे गाडी रस्त्यावर येऊन थांबेल.

त्या आजींच्या गोळ्या आता आशाताई महिन्याच्या महिन्याला वाडीवर पोहोचवतात. काठी घेऊन आजी अंगणात फिरतात. ज्यांच्या वाडीची वाट पावसात बंद पडते, त्यांनी मे महिन्यातच उपकेंद्रात जाऊन दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का, हे विचारून ठेवावे.