कारखान्याचा समारंभ आणि गावाची जत्रा

कंपनीचा वर्धापनदिन, विक्रेत्यांचा मेळावा किंवा कामगारांचे स्नेहसंमेलन यांवर अलीकडे मोठा खर्च होतो. मंडप, निवेदक, ध्वनियंत्रणा, भेटवस्तू आणि छायाचित्रांसाठी सजवलेली भिंत अशी सगळी सिद्धता असूनही दुसऱ्या दिवशी त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, आणि गावच्या जत्रेची चर्चा मात्र पुढची जत्रा येईपर्यंत चालते. या फरकाचे कारण बहुधा खर्चात किंवा कल्पकतेत शोधले जाते, परंतु ते माणसांना दिलेल्या कामात आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात ते विशेष स्पष्ट दिसते, कारण येथील शेतकरी समाजाने यात्राही सांभाळल्या आणि कारखानेही उभारले.

पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. तिचा आधार मानकऱ्यांची परंपरा हा आहे. मानकरी म्हणजे उत्सवातील एखादे ठरलेले काम करण्याचा पिढीजात हक्क, आणि त्याचबरोबर जबाबदारी, ज्याच्याकडे असते तो. मानाची होळी पेटवण्याचा मान गोपाळ समाजाकडे आहे आणि गडाच्या बांधकामात या समाजाने घेतलेल्या कष्टांची आठवण त्यामागे सांगितली जाते. यात्रेच्या अखेरीस पैठणहून कावडीने आणलेल्या गोदावरीच्या पाण्याने समाधीला जलाभिषेक होतो. कावड खांद्यावर घेऊन पायी आलेला माणूस त्या यात्रेचा प्रेक्षक राहत नाही. परतताना तो रेवड्यांचा प्रसाद घेऊन जातो, घरी आणि शेजारी वाटतो, आणि वाटताना यात्रेची हकिगत सांगतो. आज ज्याला समाजमाध्यमांवरील प्रसार म्हणतात, त्याची ही जुनी आणि अतिशय परिणामकारक पद्धत आहे, कारण तिच्यात बातमी देणाऱ्याचा स्वतःचा वाटा असतो.

हाच वाटा उद्योगाच्या समारंभात कसा येऊ शकतो, हे साखर कारखान्याच्या गळीत हंगामाच्या प्रारंभी पाहावे. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. पुढे कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या तालुक्यांत कारखाने निघाले आणि हंगाम सुरू करण्याचा एक विधीच रूढ झाला. प्रथम बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, म्हणजे वाफ तयार करणाऱ्या भट्टीत पूजा करून अग्नी घातला जातो. सत्यनारायणाच्या पूजेला संचालक किंवा सभासद सपत्नीक बसतात. उसाचे वजन करणाऱ्या काट्याचे पूजन होते. फुलांनी सजवलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर वजनाला लागतात. आणि शेवटी गव्हाणीत, म्हणजे ऊस गिरणीकडे वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, उसाची पहिली मोळी टाकली जाते. मोळी पडते, पट्टा सरकतो, भोंगा वाजतो, आणि पुढच्या काही महिन्यांचे काम तेथूनच खरोखर सुरू होते. एरवीच्या उद्घाटनात फीत कापल्याने काहीच बदलत नाही; येथे विधी आणि उत्पादन यांत अंतर उरत नाही. पुढे पहिल्या साखर पोत्यांची पूजा होते आणि अनेक ठिकाणी दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दराने साखर मिळते, तेव्हा हा समारंभ घराघरांतल्या करंज्या-लाडवांपर्यंत पोहोचतो. प्रवरेच्या या कारखान्याच्या प्रवरानगरला तर नारळी पौर्णिमेला, विठ्ठलरावांच्या जयंतीनिमित्त, साहित्य पुरस्कार दिले जातात. उद्योगाच्या दिनदर्शिकेत साहित्याला अशी कायमची तिथी मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

खासगी उद्योगांतही याचे उदाहरण आहे, ते खंडेनवमीचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत आणि गल्लीबोळांतील वर्कशॉपमध्ये कामगार आपापले लेथ किंवा ड्रिलिंग मशीन स्वतः पुसतो, तेलाचे ओघळ काढतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो, आणि पुष्कळदा बायकामुलांना आणून आपण ज्या यंत्रावर काम करतो ते दाखवतो. त्या यंत्रासमोर काढलेले छायाचित्र तो कोणी न सांगता नातेवाइकांना पाठवतो. सजवलेल्या भिंतीपुढे काढलेल्या छायाचित्रात कंपनीचे बोधचिन्ह असते, परंतु त्या माणसाचे काम नसते, म्हणून ते पाठवण्याची इच्छा त्याला होत नाही. समारंभ आखणाऱ्या व्यवस्थापकांनी या एका दिवसाचे बारकाईने निरीक्षण केले, तर बाहेरच्या संस्थेकडे सोपवलेली कितीतरी कामे ते पुन्हा आपल्या माणसांकडे देतील: एका विभागाकडे दरवर्षीचा स्वयंपाक, दुसऱ्याकडे प्रवेशद्वाराची रांगोळी, तिसऱ्याकडे निवृत्त कामगारांना घरी जाऊन आमंत्रण देणे. तीच कामे वर्षानुवर्षे त्याच हातांत राहिली, तर पाच-सात वर्षांत त्यांचा मान तयार होतो. दरवर्षी नवी संकल्पना आणि नवे ठिकाण शोधणाऱ्या कंपन्या नेमकी हीच संधी घालवतात. तिथी पक्की असावी, आणि वर्गणी, मग ती पैशाची असो वा श्रमाची, प्रत्येकाची असावी; सार्वजनिक गणेशोत्सवाची मंडळे याच बळावर टिकली आहेत.

साखर कारखान्यांच्या समारंभातही एक उणीव आहे आणि ती गंभीर आहे. व्यासपीठ पुढाऱ्यांनी भरून जाते, भाषणे लांबतात, आणि ज्यांच्या हातांनी ऊस तुटतो ते मजूर सभासद नसल्याने कडेला उभे राहतात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. बीड जिल्ह्यातून आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून अशा कोयत्यांच्या टोळ्या येतात आणि हंगामभर उसाच्या फडाशेजारी कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, बांधून राहतात. मागील हंगामात सर्वाधिक ऊस तोडलेल्या टोळीतील एका जोडप्याने पूजेला बसावे आणि गव्हाणीत पहिली मोळी त्यांनीच टाकावी, असा ठराव कोणत्याही संचालक मंडळाला एका बैठकीत करता येईल, आणि त्यासाठी वेगळा खर्च लागणार नाही.