गुरुवारची सुट्टी, रविवारची पाळी

चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. खेड तालुक्यात नोकरीला असताना त्या बाजारात मी कितीतरी सकाळी काढल्या. आता त्याच रस्त्यावर पहाटे कांद्याच्या गाड्यांबरोबर कंपन्यांच्या बसगाड्याही उभ्या असतात. त्यांत डबा घेऊन चढणारी पोरे आपलीच असतात. कुणी नगरचा, कुणी बीडचा, कुणी परभणीचा. आपण फोनवर विचारतो, "जेवलास का? पगार झाला का?" त्यापुढचे फारसे विचारत नाही. आज त्यापुढचेच थोडे सांगायचे आहे.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी ही पद्धत पडली. तुम्हाआम्हाला त्यात काही वावगे वाटणार नाही. पण ख्रिस्ती घरातल्या पोराचा विचार करा. लहानपणापासून ज्या दिवशी आईने धुतलेला सदरा घालून चर्चला नेले, तो रविवार आता यंत्रापुढे उभा राहून जातो.

असा एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. नाव सांगत नाही. गाव नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधले. घरची अडीच एकर जिरायत, एक विहीर, तीही उन्हाळ्यात तळ दाखवणारी. त्याच्या वडिलांच्या रानात मी कांद्याचे प्रात्यक्षिक घेतले होते, तेव्हापासून हा मला काका म्हणतो. त्या भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. पणजोबाच्या वेळेपासून हे घर ख्रिस्ती. जवळच्या भाऊबंदांनी पुढे बौद्ध धर्म स्वीकारला.

इथे एक गाठ आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. अनुसूचित जातींबाबतचा १९५० चा आदेश सुरुवातीला हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले त्यात नाहीत. म्हणजे चुलतभावाला ज्या दाखल्यावर सवलत मिळाली, तो दाखला याला नाही. गावाने मात्र जात विसरलेली नाही. पोळ्याच्या दिवशी बैल कुठून न्यायचे, पंगतीत कुठे बसायचे, हे त्याला लहानपणीच कळले होते. शाळा सुटल्यावर त्याने आयटीआयला फिटरचा कोर्स केला आणि ठेकेदारामार्फत चाकणला लागला.

खोलीत पाच जण. सगळ्यांचा पाण्याचा माठ एक, पोळीभाजी एकत्र. ते बघून मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या. पुढे नगरला आल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण त्याआधी मनातला विटाळ किती हळूहळू गेला, ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने, स्वतःलाच हसत लिहिले आहे. घरातल्या बायांनी ते पुस्तक जरूर वाचावे. धर्म बदलायला एक दिवस पुरतो, माठावरचा हात बदलायला वर्षे लागतात. चाकणच्या त्या खोलीत पाच जातींची पोरे एकाच तांब्याने पाणी पितात, आणि त्यात विशेष काही आहे असे एकालाही वाटत नाही. त्यांतल्या परभणीच्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा आमच्या तरुणाने दोन पाळ्या बुडवून दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून काढल्या. ठेक्यावरच्या माणसाची पाळी बुडाली की तेवढा रोज गेला. घरी पाठवायचे पैसे त्या महिन्यात कमी पडले. ते वडिलांनी मला सांगितले, पोराने नाही.

खरी अडचण पुढे आली. त्याचे काम तयार झालेला भाग गेजने मोजण्याचे. दर तासाला ठरावीक नग मोजायचे आणि आकडे वहीत भरायचे. भाग गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारा. एका रात्रपाळीला माल लवकर निघायला हवा होता. सुपरवायझर म्हणाला, "मोजत बसू नको, मागच्या तासाचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून भर." याने ऐकले नाही. भांडणही केले नाही. "मोजल्याशिवाय मी लिहिणार नाही," एवढेच म्हणाला. आठ दिवसांत त्याला तिथून काढून माल चढवण्या-उतरवण्यावर टाकले. काम कष्टाचे आणि पगारही कमी. गावी सोसायटीचा हप्ता भरायचा होता, बहिणीच्या लग्नाचे चालले होते.

गुरुवारी तो मला भेटायला आला. चहा घेताना म्हणाला, "काका, मी वेडेपणा केला का? बाकीचे सगळेच लिहितात. चर्चला जायला मिळत नाही, प्रार्थना करायला बसलो तर झोप लागते. म्हटलं, निदान वही तरी खरी ठेवू."

बायबलात खोट्या तराजूविरुद्ध आणि खोट्या मापाविरुद्ध एकापेक्षा जास्त ठिकाणी लिहिले आहे. ज्याचा कांदा काट्यावर मारला गेला आहे, त्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तरी मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्याचे कारणही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका वर्षी पीक कापणी प्रयोगाचे एक शेत मी प्रत्यक्ष न बघताच आकडा भरला होता. पाऊस होता, रस्ता चिखलाचा होता, वरून तगादा होता. त्या आकड्याचे पुढे काय झाले, कुणाचे किती नुकसान झाले, मला कधीच कळले नाही. ते न कळणेच अजून टोचते.

त्याला मी केडगावची गोष्ट सांगितली. पुण्याहून दौंडकडे रेल्वेने जाताना हे स्टेशन लागते. पंडिता रमाबाई १८७४ मध्ये सोळा वर्षांच्या होत्या, तेव्हा त्यांचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. पुढे त्या पंडिता म्हणून गाजल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा आपली उपासमार आठवून त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेतलेली होती. विचार साधा होता. परदेशातली मदत कायमची पुरणार नाही, तेव्हा फळझाडे लावावीत आणि त्यांच्या उत्पन्नावर आश्रम चालावा. शेतीखात्यातल्या माणसाला हे वाचून बरे वाटते. तिथे विहिरी खोदल्या, बाग लावली. दुष्काळातून वाचलेल्या मुली शेतात राबू लागल्या, विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे या मुलींनीच जुळवले. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. संपूर्ण पुस्तक बाहेर पडले १९२४ मध्ये.

खिळे जुळवायचे काम कसे असते, हे जुन्या छापखान्यातल्या माणसाला विचारा. एकेक अक्षर उलटे, हाताने उचलून ओळीत लावायचे. जिला अक्षरओळखही नव्हती तिने ते शिकायचे आणि चुकीचा खिळा काढून पुन्हा बसवायचा. असे दिवसामागून दिवस.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "काका, त्यांनाही रोज झोप येत असेल." आम्ही दोघेही हसलो.

त्यानंतर तो पाच महिने माल उचलत राहिला. ठेकेदाराकडे दुसऱ्या कारखान्यात मोजणीवर माणूस हवा होता, तिथे त्याने अर्ज दिला आहे. अजून उत्तर नाही. बहिणीचे लग्न पुढे ढकलले. ते कळल्यावर आई त्याच्यावर चिडली, दोन दिवस फोनवर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच फोन केला. विहिरीचे पाणी उतरले आहे, गरव्या कांद्याला शेवटचे पाणी द्यावे की थांबावे, हे काकांना विचारून सांग, म्हणाली.

मी सांगितले, पात पडू लागली असेल तर थांबा.